उस्तादांचा वाकडा उजेड

उस्ताद भित्रे होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण सौंसरमध्ये त्यांच्याविषयी बोलताना लोक नेमकं एवढंच गाळतात. ते पोलिसांच्या राखीव दलात होते, सगळी नोकरी त्यांनी शस्त्रागारात काढली, डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलायचे आणि जोडायचे, असं लोक सांगतात. ते सगळं खरंच आहे. पण मी त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसून जो माणूस पाहिला, तो दारात कुणी बंदूक घेऊन आलं की हातातलं काम ठेवून भिंतीला पाठ लावून उभा राहायचा.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. फवारणीचे पंप आणि शिलाई मशीन दुरुस्त करत. नाव वामनराव, पण दलात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात आणि तेच नाव त्यांच्याबरोबर निवृत्त होऊन गावी आलं. बंदूक दुरुस्तीचं लायसन त्यांच्याकडे नव्हतं. त्यामुळे बंदुकीच्या पोटातला एकही स्क्रू ते फिरवत नसत. बंदुकीचं एकच काम ते करत: नळीला टॉर्च बसवून देत.

आमच्या भागात रानडुकरं रात्री संत्र्याच्या बगीच्यात आणि मक्यात शिरतात. ज्यांच्याकडे पीकरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, त्यांना एका हातात टॉर्च आणि एका हातात बंदूक धरता येत नाही. म्हणून टॉर्च नळीलाच बांधायचा. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत हे काम कुणीही तारेनं गुंडाळून करून देतं. पण ज्याला नीट करून हवं असे तो उस्तादांकडे येई.

आलेल्या माणसाला ते 'बस' म्हणत नसत. पहिला शब्द, "खाली?"

समोरचा हो, रिकामी आहे म्हणे. तरी ते स्वतः बघत. बोल्ट बाहेर काढत, गोळी बसते त्या जागी करंगळी घालत, मग पुन्हा डोळ्यांनी बघत. बोल्ट म्हणजे रायफलचा मागचा खिट्टीसारखा दांडा. तो काढला की रायफल म्हणजे नुसता पाइप. तो ते शर्टच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावत. त्यांच्या एकूणएक शर्टांना डाव्या छातीवर तेलाचा डाग होता आणि तो खिसा लोंबलेला होता. पाच मिनिटांनी ते पुन्हा नळीत बघत. एकदा तिगावचा एक बागायतदार वैतागून म्हणाला की उस्ताद, आत्ताच तर पाह्यलं तुमी. उस्ताद म्हणाले, "मंघाशी पाह्यलं ते मंघाशीचं झालं."

शिलाई मशीन आलं की आधी सुई काढून डबीत ठेवत. कुणाकडे बोट दाखवत नसत. रस्ता सांगायचा तरी अख्खा पंजा पुढे करत. त्यांच्यासमोर छत्रीचं टोक आडवं धरून चाललेला माणूस त्यांनी हाताला धरून थांबवलेला मी पाहिला आहे. लोक हसत. बांगड्यांच्या दुकानातली बाई तर त्यांना येताना पाहूनच हसू लागे, कारण हा पांढऱ्या मिशांचा माणूस तिच्याकडून दर दोन महिन्यांनी लाल नेलपॉलिशची बाटली नेई. कोणासाठी हो उस्ताद, असं ती भर दुकानात विचारी. ते मान खाली घालून पैसे देत. ती बाटली टॉर्चच्या क्लँपसाठी असे. क्लँप आवळून झाला की स्क्रूवरून क्लँपवर आणि क्लँपवरून नळीवर ते एक बारीक लाल रेघ ओढत. पुढे क्लँप सुताभरही सरकला तर रेघ तुटलेली दिसे.

मला हा सगळा भित्रेपणा आवडत नव्हता. आमच्या घरात भीती हा शिवीसारखा शब्द होता. मी अक्षरं शिकले तीच बाबांच्या पत्रकांवरून. बाबा शाळेत मास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवर गठ्ठा लावून गावोगाव पत्रकं वाटणारे. प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे 'भिऊ नका' असायचं. बाबांनंतर ते काम मी घेतलं. उस्तादांकडे मी पहिल्यांदा गेले तीही एक पत्रक घेऊनच. डुक्कर रात्रीत बगीचा नांगरून जातं आणि सरकार सकाळी अर्जाचा नमुना देतं, म्हणून प्रत्येक बागायतदाराला बंदूक, तिच्यावर चांगला टॉर्च आणि गोळी झाडायची सरळ परवानगी द्या, असं मी लिहिलं होतं. मला त्या पत्रकाचा अभिमान होता. माहीतगार माणूस म्हणून त्यांची सही हवी होती.

त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मग विचारलं, रात्री बगीच्यात कोण कोण असतं. मी म्हटलं, शेतकरी.

"अन्?"

सालदार, मी म्हटलं.

"अन्? लाईन रातची येते न, माय. मंग पानी वळवाले कोन जाते?"

आमच्याकडे शेतीच्या पंपाची वीज बहुतेक रात्रीच येते. ती आली की माणसाला अंधारात जाऊन व्हॉल्व्ह फिरवावे लागतात, नळ्या सरळ कराव्या लागतात. उस्ताद पंजाची बोटं एकेक मिटत माणसं मोजू लागले. सालदार. त्याचा डबा घेऊन येणारी बायको. विहिरीत ज्याची अर्धी भागी आहे तो शेजारी. बांधावरून झोकांड्या खात घरी जाणारा कुणी. सगळी बोटं मिटल्यावर म्हणाले, "तू तुह्या कागदात एकट्या डुकराले घेतलं. हे बाकीचे कुठं गेले?"

त्यांनी सही केली नाही. मी तावातावानं बाहेर पडले. आयुष्यभर सरकारी पगार खाल्लेला माणूस दुसरं काय बोलणार, असं मी त्या दिवशी दोघाचौघांना सांगितलंही.

तरी मी पुन्हा जाऊ लागले. का, ते सांगता येत नाही. कदाचित एवढ्या उघडपणे भिणारा पुरुष मी पाहिला नव्हता म्हणून. दर शनिवारी ते जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जात. तिथली मूर्ती आडवी आहे, देव झोपलेला आहे. मी एकदा चिडवलं की उस्ताद, शक्तीच्या देवापुढे तुमच्यासारख्यानं काय मागायचं? ते गंभीरपणे म्हणाले, "सारे देव हत्यार उगारून उभे हायेत. हा एकटाच आडवा पडला. याच्यासमोर मले भेव नाई लागत." आणि पुढे म्हणाले की भिणाऱ्यानंच हत्याराजवळ बसावं, न भिणारा फार महाग पडतो.

मधुमामानं रायफल घेतली ते त्याच सुमाराचं. मामा माझा सख्खा, लोधीखेड्याच्या अलीकडे त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. सुखी माणूस, मोठ्यानं हसणारा. रायफल तीनशे पंधरा बोअरची, आणि तिच्यासाठी त्यानं नागपूरहून आणलेला टॉर्च असा की शंभर पावलांवरचं पान दिसावं. मीच त्याला उस्तादांकडे घेऊन गेले. आपण नुसता आवाज करणार, डुकरं पळवणार, असं मामा वाटेत सांगत होता.

उस्तादांनी टॉर्च कुठे बसवायचा हे ठरवायला अर्धा तास घेतला. नळीच्या वर नको, कारण उजेड टोकाच्या नेमाच्या दाण्यावर पडून स्वतःचेच डोळे दिपतात. खाली नको, मचाणाच्या बांबूवर टेकवली की तोच आपटतो. डाव्या बाजूला, पुढच्या हाताच्या जरा पुढे. खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे घसरणार नाही. बटण असं की डावा अंगठा आपोआप तिथे यावा आणि अंगठा उचलला की अंधार व्हावा. लावून ठेवता येईल असलं बटण ते बसवतच नसत. मामा कौतुकानं बघत होता. मग उस्तादांनी आपली अट सांगितली.

ज्याची बंदूक, त्यानं आधी तिच्या उजेडात उभं राहायचं. ही अट ऐकून निम्मे लोक परत जात. मामा हसून तयार झाला.

दुकानामागे कापसाचं एक जुनं गोदाम होतं. भर दुपारी आम्ही आत गेलो. उस्तादांनी आम्हा दोघांना नळी रिकामी दाखवली, बोल्ट खिशात टाकला, बटण लावलं आणि दार ओढलं. आत सरकीचा वास होता आणि हात दिसणार नाही असा अंधार. मामाला त्यांनी दुसऱ्या भिंतीशी पाठवलं होतं. रायफल माझ्या हातात दिली, घरचंच माणूस लागतं म्हणाले. वजन मी समजले होते त्याहून जास्त होतं. त्यांनी ती एका गाठोड्यावर टेकवून दिली.

"मामावर उजेड टाक," ते म्हणाले.

मी अंगठा दाबला. समोर मामाची छाती पांढरी झाली. मामा हात कमरेवर ठेवून उभा होता.

"आता बोल्टच्या जागेतून आत पाह्य."

मी डोळा लावला. नळीच्या आतल्या चकचकीत वळणांच्या शेवटी एक लहानसा गोल होता. त्या गोलाच्या मधोमध मामाच्या सदऱ्याचं बटण होतं. बाकीची बटणं पांढरी, हे एक निळं. मामीनं हाताला लागलं ते लावलं असणार. ते निळं बटण दिसलं आणि मी डोळा मागे घेतला. नळी रिकामी आहे हे मी स्वतः पाहिलं होतं. बोल्ट उस्तादांच्या खिशात होता. तरी मला पुन्हा डोळा लावता येईना, कारण मी मामाला फक्त पाहिलं होतं, आणि पाहिलं म्हणजेच नेम धरला होता. दोन वेगळ्या गोष्टी उरल्याच नव्हत्या.

"फोटो काढून राहिली का वो?" मामा तिकडून ओरडला.

मग उस्तादांनी आमच्या जागा बदलल्या. मी भिंतीशी गेले. उजेड पडला तसं मला काही म्हणजे काही दिसेना. कोण आहे, हातात काय आहे, किती लांब आहे, काही नाही. नुसता पांढरा उजेड, आणि त्याच्या मागे कुणाचा तरी श्वास. मामाच आहे हे माहीत असून मी त्याला हाक मारली. तो नळीतून बघत होता. बाहेर आल्यावर त्याचं हसणं गेलं होतं.

त्यानंतर उस्तादांनी क्लँपखाली एक पातळ पाचर घातली आणि टॉर्चचं तोंड किंचित वर केलं. पुन्हा मामा उभा राहिला, पुन्हा मी उजेड त्याच्या छातीवर टाकला. नळीतून बघितलं तर गोलात जमीन होती, मामाच्या पायांच्या अलीकडची जमीन, आणि तिच्यावर पडलेला कापसाचा एक बोळा. आता माणूस दिसत होता आणि त्याच्यावर नेम नव्हता. नेम धरायचा तर नळी मुद्दाम उचलावी लागणार होती. तेव्हा उजेड वर जाणार, आणि खालच्या कडेच्या मंद उजेडात जेवढं दिसेल तेवढंच दिसणार. उस्तादांच्या हातचे सगळे टॉर्च असे वाकडे होते.

मामा म्हणाला, तेवढ्यात डुक्कर पळून जाईल की.

"पयू दे. उचलाच्या टायमात माणूस बोलते," उस्ताद म्हणाले. "अन् तुमाले तर आवाजच कराचा हाये न, पाटील. आवाजाले नेम कायले पाह्यजे?"

त्यांनी लाल रेघ ओढली. तेव्हा मला दिसलं की रेघ ओढायला त्यांना दुसऱ्या हातानं मनगट धरावं लागतंय. प्रत्येक वेळी त्या गोदामातून बाहेर आल्यावर असंच होई, असं नंतर कळलं.

मामानं महिनाभर तो टॉर्च तसाच वापरला. मग आजूबाजूच्या बागायतदारांनी टर उडवायला सुरुवात केली. मामाची रायफल झाडावरची संत्री मोजते, म्हाताऱ्याच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला आणि पाटलाला कळलंच नाही, असं चालायचं. शेवटी मामानं पांढुर्ण्याला एका इन्व्हर्टरवाल्याकडून टॉर्च सरळ करून घेतला. पाच मिनिटांचं काम होतं. पाचर काढली, स्क्रू आवळला. मामानं ते मला सांगितलं आणि उस्तादांना सांगू नकोस म्हणाला. मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं. डुकरांनी त्या आठवड्यात त्याची नवी रोपं उकरली होती आणि माझं पत्रक छापून तयार होतं.

त्याच आठवड्यात एका रात्री मी मचाणावर मामाच्या शेजारी होते, पत्रक वाटण्याआधी सगळं एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून. बगीच्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मामाचा सालदार गोमाजी पंपाच्या खोलीत झोपत असे, पण तो साळ्याच्या लग्नाला तिगावला गेला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग खालच्या रांगेत पानं हलली. काहीतरी जड, जमिनीलगत, थांबत थांबत पुढे सरकत होतं. मामानं रायफल उचलली आणि अंगठा दाबला.

झाडाखाली एक काळा गोळा होता. पाठ वाकलेली, डोकं खाली. रोह्याचे, म्हणजे नीलगायीचे, डोळे उजेडात दिव्यासारखे चमकतात, ससा असला तरी चमकतात. डुकराचे चमकत नाहीत. या गोळ्याचंही काही चमकलं नाही.

"डुक्कर," मामा ओठातल्या ओठात म्हणाला.

"डुक्कर," मीही म्हटलं.

हे मी लिहून ठेवते आहे. मी ते म्हटलं होतं.

गोळ्यातून एक हात वर आला. पाच बोटांचा हात, उजेडाला आडवा. डोळ्यांवर सावली धरून गोमाजी आमच्याकडे बघत होता, आणि त्याला काहीच दिसत नव्हतं.

"मालक होय का?" त्यानं हळूच विचारलं.

उजेड गोमाजीच्या कपाळावरून हलेना, कारण मामाचा अंगठा उठेना. मी दोन्ही हातांनी त्याचा अंगठा उपटून काढला. अंधार झाल्यावर आम्हाला फक्त पाण्याचा आवाज आला. गोमाजीनं तुटलेली नळी जोडली होती आणि पाणी चालू झालं होतं. लग्नातून तो लवकर परतला होता, कारण लाईन येणार आणि नव्या रोपांची रांग कोरडी राहणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

घोड्यावर बोट नव्हतंच, असं मामा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होता. मी त्याच्या शेजारी होते. बोट होतं.

सकाळी मी स्कूटी घेऊन सौंसरला गेले. उस्तादांना सगळं सांगितलं; टॉर्च सरळ केल्याचं मला माहीत होतं, तेही. ते माझ्यावर रागावले नाहीत. मशीनची सुई काढून डबीत ठेवली, फळ्या लावल्या आणि मागे बसले. लोधीखेड्याच्या रस्त्यावर माझ्या पाठीमागून ते एकदाच बोलले. दलात असताना पहाऱ्यावरच्या एका जवानाच्या रायफलवर त्यांनी टॉर्च बसवला होता. सरळ, सुताचाही फरक नाही. साहेबांनी पाठ थोपटली होती. अंधारात खसफस झाली म्हणून जवानानं उजेड टाकला आणि त्यासरशी गोळी झाडली. संडासवरून परतणारा त्यांच्याच बराकीतला माणूस होता, हातात लोटा. उस्ताद म्हणाले, "माह्या हातचं काम होतं ते. एकदम बरोबर झालतं."

मामाची रायफल खाटेवर होती. उस्तादांनी ती आधी खाली आहे का ते बघितलं, दोनदा. मग क्लँपवरून अंगठा फिरवला. लाल रेघ तुटली होती. एक तुकडा स्क्रूवर, दुसरा भलतीकडेच. मामा सांगायला लागला की लोक नाना बोलत होते, आणि त्याला वाटलं की… उस्तादांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी फक्त गोमाजीला बोलवायला सांगितलं.

गोमाजी आला आणि पायरीखाली उभा राहिला. उस्तादांनी त्याला खाटेवर शेजारी बसायला सांगितलं. मालकाच्या खाटेवर तो बसेना. तेव्हा उस्ताद स्वतः उठले, रायफल खाटेवर सोडून अंगणात त्याच्यासमोर जमिनीवर बसले. नाइलाजानं तोही बसला.

"याच्या सामने तुलेच राहा लागते, गोमाजी," उस्ताद म्हणाले. "म्हून तू सांग. टॉर्च कुठं बसवू?"

गोमाजीनं मामाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. त्याला असं कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी त्याच्या नावानं पत्रकं काढत होते.

"मले द्या," तो म्हणाला.

"काय?"

"टॉर्च. मले द्या न हातात. मोबाईल बंद पडलता. मी हातानं चाचपून नळी जोडून राहिलो होतो. मले बी काई दिसत नोतं."

सबंध घरातला सगळ्यात चांगला उजेड बंदुकीवर होता, आणि ज्याला अंधारात काम होतं तो चाचपडत होता. इतकं साधं. मी दोन हजार पत्रकं छापली होती आणि त्यांत हे एक वाक्य नव्हतं.

मामा कसाबसा म्हणाला की मग बंदुकीला काय लावायचं. तेव्हा दारात उभी असलेली मामी बोलली. ती एरवी पाहुण्यांसमोर मामाला उलटून बोलत नाही.

"बंदुकीले काय पाहा लागते? देऊन टाका," ती म्हणाली.

उस्तादांनी खिशातून पेचकस काढला. क्लँप सुटला, ट्यूबची पट्टी सुटली. नळी पूर्वीसारखी नुसती नळी झाली. टॉर्च त्यांनी गोमाजीच्या हातात दिला, तोंड जमिनीकडे करून. आणि मला म्हणाले की दिवसाची लाईन माग, तुझ्या कागदात तेवढं लिही. ती पत्रकं मी जाळली. नवं काढलं. दिवसाची वीज, आणि ती मिळेपर्यंत रात्री पाणी वळवणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात उजेड. त्याला अजून उत्तर आलेलं नाही. आमच्याकडे लाईन अजून रात्रीच येते, आणि मी अजून तेच पत्रक वाटते. फरक एवढाच की आता मी त्यात 'भिऊ नका' लिहीत नाही.

त्यानंतर पावसाळ्यात उस्ताद बैतूलला लेकीकडे गेले आणि तिकडेच वारले. दुकानाच्या फळ्या लागल्या त्या लागल्याच. मला ते आठवतात ते मामाच्याच बांधावर, टॉर्च सोडवला त्या दिवशी संध्याकाळी.

लाईन दिवस मावळल्या मावळल्या आली. पंप सुरू झाला, गोमाजी टॉर्च घेऊन रांगांत शिरला. उस्तादांना मी सौंसरला परत सोडणार होते, पण ते हलेनात. मामानं खुर्ची आणून दिली, मामीनं चहा. ते बसलेही नाहीत. कप बांधाच्या दगडावर ठेवून ते उभ्यानं त्या उजेडाकडे बघत होते. तो एका झाडापासून दुसऱ्याकडे जात होता, खाली वाकत होता, व्हॉल्व्हपाशी थांबत होता. एकदा मोठ्या झाडांच्या आड तो दिसेनासा झाला. उस्तादांनी माझा दंड पकडला. बंदूक मामाच्या घरात कुलपात होती, आमच्याशिवाय आजूबाजूला एक माणूस नव्हता, आणि हा म्हातारा माझा दंड इतका घट्ट धरून होता की मलाही त्या काळ्या झाडांची धडकी भरली.

मग उजेड दुसऱ्या रांगेतून बाहेर आला आणि वळून सरळ आमच्यावर पडला. उस्ताद एक पाऊल मागे सरकले. गोमाजीनं लगेच टॉर्च खाली केला आणि स्वतःच्याच पायांपुढे उजेड धरून बांधाकडे चालत आला. पाणी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, असं त्यानं सांगितलं. उस्तादांनी माझा दंड सोडला, निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि आता चल म्हणाले.